सुनेला सांग

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे आणि मी रोटीच्या फडक्यात राहतो. हसू नका. तुमचा फोन उशाशी झोपत असेल, खिशात बसून गावभर हिंडत असेल. माझ्या अंगाला मात्र भाजक्या पिठाचा वास येतो आणि चार्जिंगच्या भोकात कायम चुरा अडकलेला असतो. या घरात माझं नाव मोठ्याने घ्यायची सोय नाही. पण माझ्याशी रोज एक माणूस बोलतं, आणि त्याचं बोलणं पुढे पोचवणं मला जमत नाही. म्हणून ही सगळी हकिकत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही, पांढरे हातमोजे आणि थंडगार उजेड एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं इस्तंबूलच्या एका बाजारात. तिथे काचेच्या कपाटात मी पडून होतो, तेव्हा एक दिवस तावुस आली. तुर्कमेनी बाई, डोक्याला फुलाफुलांचा मोठा रुमाल आणि हातांना साबणाचा वास. एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची ती सेवा करायची आणि तिच्याच घरी राहायची. दुकानदाराने तिच्यापुढे चकचकीत फोन मांडले, पण तिने मला उचललं आणि विचारलं, "हा पडला तर फुटेल का?"

"पाडू नका म्हणजे झालं," दुकानदार म्हणाला.

"मी नाही हो पाडणार. ज्यांच्याकडे पाठवायचाय त्यांच्या हाताची मला माहिती आहे."

ते हात होते तिच्या सासूचे, आकगुलचे. तावुसचा नवरा ट्रक चालवायचा, तो एका अपघातात गेला. मागे राहिली छोटी आयलार, सासू आणि सासरे. घरात कमावतं कुणी उरलं नाही असं नाही, पण सासऱ्यांच्या एकट्याच्या पगारात चौघांचं भागेना. मग तावुस पोरीला सासूच्या मांडीवर ठेवून परदेशी आली. गावी परत जायचं तर पुन्हा बाहेर सोडतील याचा भरवसा नव्हता. म्हणून ती राहिली, आणि आपल्या जागी तिने मला पाठवलं.

पाठवण्याआधी तिने आणि तिच्या मैत्रिणीने माझ्या पोटात एक चोरवाट बसवली. लोक तिला व्हीपीएन म्हणतात. आमच्या देशात इंटरनेटला इतकी कुंपणं आहेत की चेहरा बघत बोलायची साधी सोय करायची तरी वाकडी वाट धरावी लागते. ती वाट अशी असते. माझं बोलणं बंद पाकिटात घालून आधी तिसऱ्याच देशात पाठवायचं, आणि तिथून इस्तंबूलला. कुंपणावरच्या पहारेकऱ्याला वाटावं, हा फोन कुठल्या तरी परमुलखाशी काहीबाही पुटपुटतोय. ही वाट वापरताना कुणी सापडलं तर धडगत नसते. म्हणून तावुसने त्या चोरवाटेच्या तोंडावर हिशोबाच्या यंत्राचं चित्र चिकटवलं. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीला बेरजा करायची हौस आहे.

एका फिरत्या व्यापारीणबाईच्या सामानात, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून मी निघालो आणि काराकुम वाळवंटाच्या कडेच्या त्या गावात येऊन पोचलो. पहिल्याच दिवशी आकगुलच्या हातून पडलो. माझा डावा कोपरा तडकला तो तेव्हाचा.

पण काय माया करायची ती! मला कुठे ठेवावं याचा तिने दोन दिवस विचार केला. पेटीत ठेवलं तर कुणी पेटी उघडेल, गादीखाली ठेवलं तर कुणी गादी उचलेल. शेवटी तिने मला साचाकमध्ये ठेवलं. साचाक म्हणजे रोट्या गुंडाळून ठेवायचं जाड कापड. आमच्याकडे त्याचा फार मान. त्याला कुणी ओलांडत नाही, परका माणूस त्यात हात घालत नाही, आणि घरावर झडती आली तरी रोटीला धक्का लावायची कुणाची छाती होत नाही. "इथे बैस गुपचूप," ती मला म्हणाली, "आणि रोटी खाऊ नकोस."

दुपारी इस्तंबूलची म्हातारी झोपायची, ती आमची वेळ. आकगुल आणि आयलार मला घेऊन अंगणातल्या तंदूरच्या आडोशाला जायच्या. आकगुलला वाचता यायचं, पण यंत्राची तिला धास्ती. आयलारने तिला शिकवलं होतं, "आजी, बेरजेचं चित्र दाब. थांब. हिरवं झालं की आई येते." हिरवं झालं की खरंच तावुस यायची. कधी तिचा अर्धाच चेहरा दिसायचा, कधी आवाज आधी आणि ओठ मागाहून. तरी त्या दोघी माझ्या काचेला नाक लावून बसायच्या. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस ते.

एक गंमत सांगतो. माझी चोरवाट हॉलंडातून जायची, त्यामुळे ती चालू असली की मला स्वतःलाच वाटायचं, मी हॉलंडात आहे. हवामान मी तिकडचं दाखवायचो. आकगुलने एकदा माझ्या काचेवर ढग पाहिले आणि वाळत घातलेल्या खरबुजाच्या फोडी लगबगीने आत नेल्या. बाहेर डोकं फुटेल असं ऊन. तिचा नवरा दारात उभा राहून बघत होता.

"काय गं, कुठे पाऊस?"

"येणार आहे."

"कुणी सांगितलं?"

आकगुलने उरलेल्या फोडी पदरात भरल्या. तो हसला नाही, रागावलाही नाही. टोपी सारखी करून कामावर निघून गेला.

आता या माणसाबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट त्याची आहे. होजागुली आगा कालव्यावरचा पाटकरी. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे तो ठरवायचा. जन्मभर त्याने चोरून पाट फोडणाऱ्यांना पकडलं होतं, त्यात त्याचा सख्खा मेहुणाही सुटला नव्हता. चोरवाटेचं त्याला कुणी समजावून सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "म्हणजे चोरपाटच की. आणि तो माझ्याच घरात." पण त्याने मला बाहेर फेकलं नाही. उलट, दुपारी घरी येताना तो फाटकापाशीच मोठ्याने खाकरायचा. एकदा खाकरायचा, थांबायचा, आणि मगच आत यायचा.

तो खाकरायचा त्याला आणखी एक कारण होतं. आमच्याकडे सून सासऱ्यापुढे बोलत नाही. रुमालाचं टोक ओठांवर ओढून दातांत धरते, याला याश्माक म्हणतात. सासराही तिच्याशी थेट बोलत नाही. "सुनेला सांग, चहा दे," असं तो बायकोला सांगतो, आणि सून ते ऐकत समोरच उभी असते. घरात तिसरं कुणी नसलं तर पोराला, पोर नसलं तर मांजराला सांगतात. लग्नाला काही वर्षं झाली की सासरा एखादी भेट देऊन सुनेचं तोंड मोकळं करतो. पण तावुसचं तसं व्हायच्या आधीच तिचा नवरा गेला, घरावर सुतकी कळा आली, आणि ते राहूनच गेलं. इतकी वर्षं एका घरात राहून होजागुलीने सुनेचा आवाज ऐकला होता तो भिंतीपलीकडून. माझ्या काचेवर ती असताना तो चुकून आलाच तर इस्तंबूलमध्येही तिचा हात रुमालाकडे जायचा.

सगळं बिघडलं ते माझ्यामुळे. म्हणजे चूक आकगुलची होती, पण वाजलो मी. शेजारच्या घरी एका म्हाताऱ्याच्या वर्षश्राद्धाचं जेवण होतं. आकगुल घाईघाईने साचाक उचलून तिकडे गेली. मला काढायचं विसरली आणि चोरवाट बंद करायचीही विसरली. पुरुष मंडळी पुलावाभोवती बसली होती, गावच्या कचेरीतले साहेबही होते. फडकं उलगडलं जाणार, तोच रोट्यांच्या आतून मी वाजायला लागलो. तावुसला त्या दिवशी लवकर सवड झाली होती.

सगळ्यांनी ऐकलं. कुणी मान वर केली नाही. साहेबांनी रोटी मोडली, तोंडात घातली आणि शांतपणे चावत राहिले. मेलेल्या माणसाच्या नावाने जेवताना भांडण काढायचं नसतं, म्हणून त्यांनीही काढलं नाही. मी वाजत राहिलो. आकगुल फडक्यावर दोन्ही हात दाबून बसली. असा एकटेपणा मला आधी कधी वाटला नव्हता. मला हाक येत होती आणि तिथल्या एकाही माणसाला मला ओळख दाखवायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी होजागुलीला कचेरीत बोलावलं. पाटकऱ्याची नोकरी जाईल असं सांगितलं, आणि मग पवित्र ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की चोरवाटेला मी हात लावणार नाही. घरी येऊन तो हिरवा चहा समोर ठेवून बसला.

"अहो, माझं चुकलं," आकगुल म्हणाली.

"फोन जाळ म्हणाले साहेब."

"जाळू?"

"शपथ मी घेतली हात न लावायची. जाळायलाही हातच लावावा लागेल." मग तो उठला आणि दारातून म्हणाला, "फाटकाचा कडीकोयंडा सैल झालाय. मी आलो तर तुम्हाला कळायचं नाही. आणखी मोठ्याने खाकरत जाईन."

मित्रांनो, त्या घरात माझ्यावर एवढा उपकार दुसऱ्या कुणी केला नाही.

पुढच्या वसंतात पहारेकऱ्यांनी एकामागून एक चोरवाटा बुजवल्या. बेरजेचं चित्र दाबलं की मी नुसता गरगरत बसायचो. हिरवं होईना. आयलार म्हणायची, "आजी, अजून थांब." त्याच दिवसांत, कालव्याला नवं पाणी सोडलं त्या सकाळी, आकगुल तंदूरपाशी वाकली ती उठलीच नाही. हातातली रोटी विस्तवात पडून जळली. वास सगळ्या अंगणभर पसरला तेव्हा आयलार धावत आली.

घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. इस्तंबूलमध्ये तावुसला काहीच माहीत नव्हतं. ती रोज दुपारी हाक मारत असणार, आणि इथे वाट बंद. कचेरीतल्या टेलिफोनवरून कळवायचं म्हटलं तर तिथल्या माणसादेखत बोलावं लागतं. तिकडे राहायच्या तावुसच्या कागदांची मुदत केव्हाच संपली होती, तिचं नाव तिथे काढणं म्हणजे तिच्या पोटावर पाय देणं. शेजारच्या बायका म्हणाल्या, आज ना उद्या कुठल्या तरी व्यापारीणबाईकडून कळेलच तिला. होजागुली म्हणाला, "बाजारात कळेल? भाजी घेताना?" चाळिसाव्या दिवसाचं जेवण जवळ येत होतं. त्या दिवशी घरच्या माणसांनी कुठेही असलं तरी मृताच्या नावाने रोटी मोडायची असते. सुनेवाचून सासूचा चाळिसावा होणार हे त्याला सहन होत नव्हतं, आणि ते तो बोलूनही दाखवत होता, कधी मेंढ्यांना, कधी भिंतीला.

एका सकाळी त्याने साचाक काखेत मारलं आणि बाजाराची वाट धरली. मी आत होतो. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मेरेतच्या दुकानात त्याने फडकं टेबलावर ठेवलं. मेरेत चोरवाटांच्या किल्ल्या विकतो हे गावाला माहीत होतं आणि गावाला माहीत नव्हतं.

मेरेत उभाच राहिला. "आगा, तुम्ही? तुम्ही तर हात ठेवून शपथ घेतलीत."

"घेतली."

"मग?"

"शपथ माझी, मोडली तर पाप माझं. बातमी तिची आहे. ती मी घरात कशी ठेवून घेऊ?" आणि त्याने आपल्या हाताने फडकं सोडून मला बाहेर काढलं. पहिल्यांदा त्याचा हात मला लागला. खरखरीत, पाण्याने भेगाळलेला हात होता तो.

मेरेतने मला नवी किल्ली घातली. "आगा, ही आज चालतेय. उद्याचं मला विचारू नका. आणि फार वेळ बोलू नका."

"फार बोलायचं नाहीच आहे," होजागुली म्हणाला.

दुपारी तो मला घेऊन तंदूरपाशी बसला. आयलारने चित्र दाबलं. हिरवं झालं. ती नाचायला लागली तसा तो म्हणाला, "जा, मेंढ्यांना पाणी दाखव."

"पण मी सांगते ना आईला. तुम्हाला बोलायचं नसतं तिच्याशी."

"ही बातमी तुझ्या तोंडून नको, बाळ. जा."

ती गेली. मी हाक घातली आणि तावुस आली. "आई, किती दिवस..." म्हणत आली, आणि समोर सासरा दिसला. तिचा हात झटकन वर गेला, रुमालाचं टोक दातांत गेलं. होजागुलीनेही नजर खाली घातली. माझ्या एका बाजूला ती गप्प, दुसऱ्या बाजूला तो गप्प. एवढी कुंपणं ओलांडून मी ती वाट आणली होती आणि तिच्यावरून कुणी चालेना. घरात तिसरं माणूस नव्हतं. मांजरही आकगुल गेल्यापासून फिरकलं नव्हतं.

मग त्याने घसा साफ केला आणि तो माझ्याशी बोलला.

"फोन," तो म्हणाला, "सुनेला सांग, तिची सासू गेली."

मी सांगितलं. तिने ऐकलं. रुमालावरचे दात घट्ट झाले आणि डोळे भरून आले, पण आवाज आला नाही.

"तिला सांग, त्रास झाला नाही. रोट्या भाजतानाच गेली. सांग, शेवटपर्यंत सुनेच्याच हाकेची वाट बघत होती. शुक्रवारी चाळिसावा आहे, तिकडे रोटी मोड म्हणावं. आणि पोर बरी आहे." त्याने साचाकमधून आकगुलचा लाल रुमाल काढला, ठेवणीतला, आणि माझ्या काचेसमोर धरला. "हा तिच्यासाठी ठेवलाय. भेट म्हणून. सांग तिला, आता तोंड झाकायचं नाही. मी मोकळं केलं. बोल म्हणावं."

तावुसने दातांतलं टोक सोडलं. रुमाल खाली आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सासऱ्याने तिचे ओठ पाहिले. ते उघडले.

आणि वाट बुजली, मित्रांनो. त्याच क्षणी. तिचा चेहरा माझ्या काचेवर तसाच थिजला, ओठ उघडे, शब्द कुठे तरी हॉलंडात.

"ऐकतोय मी," होजागुली तिलाच म्हणाला. मला नाही, थेट तिला. "बोल, पोरी. ऐकतोय."

मला काही करता आलं नाही. आयलार परत आली तरी तो मला हातात धरून बसला होता. माझी शक्ती संपून काच काळी झाली, तेव्हा त्याने मला फडक्यात ठेवलं.

त्यानंतर मेरेतने पुष्कळ किल्ल्या लावून पाहिल्या. एकदाच, पापणी लवावी एवढा वेळ वाट उघडली आणि तावुसचा एक आवाजी निरोप माझ्यात येऊन पडला. लहानसा होता. आयलारने दाबला तसा तंदूरच्या आडोशाला तिचा आवाज आला, "बाबा, जेवलात का?"

बस, एवढाच. पुढे काही बोलली असेल तर ते पोचलं नाही. होजागुली खाली बसला. "पुन्हा लाव," तो म्हणाला. आयलारने पुन्हा लावला.

आता आयलार सकाळी शाळेत जाते. होजागुली पाटावरून दुपारी घरी येतो. घरात कुणी नसतं, तरी फाटकापाशी खाकरतो. स्वतः भाजलेली वेडीवाकडी रोटी घेऊन तंदूरपाशी बसतो आणि तो निरोप लावतो. खाऊन झालं की मला सांगतो, "फोन, सुनेला सांग, जेवलो." निरोप ऐकायचं बटण आयलारने त्याला दाखवलंय, पण पाठवायला कुठलं दाबायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि दाबलं तरी वाट नाही. तो आपल्या पद्धतीने सांगतो, तिसऱ्याला सांगावं तसं, आणि निर्धास्तपणे उठतो. त्याला वाटतं, मी पोचवतो.

मी म्हातारा झालोय. माझी पाठ फुगलीय, मी लवकर तापतो. एक दिवस तो निरोपही माझ्यातून वाजायचा नाही. तुमच्याकडे वाटा मोकळ्या आहेत, हाक मारली की समोरून उत्तर येतं. अशा फोनची हेळसांड करू नका, आणि जे विचारायचं ते उद्यावर टाकू नका. आणि एक काम माझं करा. तुमच्यापैकी कुणी कधी इस्तंबूलला गेलं आणि फुलाफुलांच्या रुमालाची, साबणाच्या वासाची एक तुर्कमेनी बाई भेटली, तर तिला सांगा, बाबा जेवले.